घ्या-ठेवा फळी

सोमवार, ४ तारीख

ही वही भिंगरीनं दिली. म्हणाली, "आजी, रोज लिहीत जा. सगळे प्रवासी लिहितात." मी म्हटलं, चौथीत शाळा सुटलेली बाई काय डोंबल लिहिणार? तर म्हणते, "बोलतेस तसंच लिही. फक्त शिव्या थोड्या कमी."

भिंगरी म्हणजे माझी नात. मुलाची मुलगी, चोवीस वर्षांची. जन्मल्यापासून एका जागी बूड टेकलं नाही तिचं, म्हणून हे नाव मीच ठेवलं. पाठीला पिशवी लावायची आणि स्वस्तातल्या स्वस्त गाडीनं, स्वस्तातल्या स्वस्त खाटेवर झोपत हिंडायचं, हा तिचा धंदा. या खेपेला मला बरोबर नेते आहे. महिनाभर.

कारण असं की माझी खोली रंगवायची आहे. रंगाच्या वासानं मला दम लागेल म्हणे. पंधरा वर्षं पोपडे डोक्यावर पडत होते तेव्हा माझी छाती कुणाला आठवली नाही. गेल्या आठवड्यात सूनबाई टेप घेऊन आली आणि खोली मोजून गेली. मी विचारलं, रंगाला टेप कधीपासून लागायला लागला? तर म्हणाली, "पडदेही नवे करू ना, आई." मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. पडद्याचं माप खिडकीवर घेतात, ही जमिनीचं घेत होती. शिकलेल्या बायकांना साधं माप घेता येत नाही.

मी सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. भिंतींना हवा तो फासा, खाट हलवायची नाही. नवरा याच खोलीतून गेला, मीही इथूनच जाणार. मला इथून उठवायचं तर चौघं लागतील.

मुलानं सहा-सात ठिकाणी सह्या घेतल्या. प्रवासाचा विमा. मी चष्मा शोधत होते तर म्हणाला, "राहू दे गं आई, जिथं फुली आहे तिथं कर." काळजी करतो तसा. भिंगरीच्या पुढच्या सफरीचे पैसेही त्यानंच द्यायचं कबूल केलं आहे, चांगल्या सहा महिन्यांच्या, समुद्रापलीकडच्या. नखं कापायला शेजाऱ्याची कात्री मागणारा माणूस हा. याला एकदम काय झालं, कळत नाही.

पितळी खलबत्ता बरोबर घेणार होते. खालचे चार दात उरलेत, कडक काही खायचं तर कुटून घ्यावं लागतं. सूनबाई म्हणाली, "आई, हे ओझं कशाला? राहू दे की घरी, कुठं जातंय?" ठेवला.

बुधवार, ६ तारीख

पहिला मुक्काम. एका खोलीत आठ जण, खाटेवर खाट. मी खाली, भिंगरी वर. समोर एक झिपऱ्या, त्याच्या डोक्यावर एक टकल्या. दोघांचे केस मिळून वाटून घेतले असते तर दोन माणसं झाली असती. बायका-पुरुष एकाच खोलीत! मी काउंटरवरच्या पोरीला विचारलं, हे असं कसं? ती म्हणाली, "आजी, इथं सगळे नुसते झोपतात." झोपतात कसले, घोरतात.

संडास दोन आणि आम्ही सोळा. रांगेत उभं राहायचं, हातात आपापला साबण. प्रत्येकाला लोखंडी कपाट, त्याला आपलं कुलूप. आवडलं मला हे. घरी माझ्या कपाटात सगळ्यांचे हात असतात.

जिन्याखाली एक फळी आहे. तिच्यावर जुने बूट, अर्धी साबणाची वडी, पुस्तकं, एकच हातमोजा. भिंगरी म्हणाली, "ही घ्या-ठेवा फळी. आपल्याला नको ते इथं ठेवून जायचं, ज्याला हवं तो घेतो. आजी, नियम ऐक. तीन दिवसांत पिशवीतून जे बाहेर काढलं नाहीस, ते तुला लागत नाही. ते फळीवर."

मी म्हटलं, आणि चौथ्या दिवशी लागलं तर?

"नाही लागत. आधी वाटतं लागेल. मग पाठ हलकी झाली की आठवतही नाही."

पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेली आहे.

गुरुवार, ७ तारीख

टकल्याशी भांडण. मी त्याच्या खाटेला खालून छत्रीनं ढोसलं. घोरत होता की रेडा. तो तणतणला, भिंगरी मध्ये पडली. नंतर मोबाइलवर काहीतरी लिहीत बसली. मी मागून पाहिलं. जेवण ठीक, झोप ठीक, जिना चढते, अनोळखी लोकांत मिसळते, भांडण एक. असं खाली खाली लिहिलेलं. म्हणजे तीही वही लिहिते, पण किती कोरडी! मी म्हटलं, अगं माणसाचं लिहितेस की गाय विकायला काढली आहेस? तिनं मोबाइल उलटा केला.

शनिवार, ९ तारीख

तीन दिवस झाले. पिशवी उपसली. न काढलेल्या वस्तू तीन. जाड शाल, पितळी डबी आणि नवऱ्याचा चौकटीतला फोटो. चाळीस वर्षं रोज समोर होता तेव्हा इलाज नव्हता. तीन दिवसांत एकदाही बाहेर काढावासा वाटला नाही. फळीवर ठेवला.

भिंगरी म्हणाली, "आजी! आजोबांना?"

"नियम तुझा की माझा?"

दुपारी जाऊन पाहिलं तर कुणीतरी चौकट घेऊन गेलेलं आणि नवरा तसाच फळीवर उताणा. मला इतकं हसू आलं की खोकला लागला. शाल मात्र घेतली कुणी तरी. ऊबदार वस्तूला गिऱ्हाईक असतं.

सोमवार, ११ तारीख

भिंगरीनं नकाशा उलटा धरला की काय कोण जाणे, चुकीच्या बसमध्ये बसवलं. चार तासांनी उतरलो ते एका सिमेंटच्या कारखान्यापाशी. झाडांची पानंसुद्धा पांढरी. पुढची गाडी संध्याकाळी. सहा तास पत्र्याच्या शेडखाली बसलो, केळी आणि पाव खात. पोरगी रडवेली झाली. "सॉरी आजी, सॉरी आजी." मी म्हटलं, सॉरी काय, मी कुठं हापिसात जायची आहे?

संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या बॅगेचा पट्टा तुटला होता. माझ्याकडे सुई, मेण लावलेला दोरा, कात्री कायम असते. शिवून दिला, दुहेरी टाक्यानं. मग ड्रायव्हरनं सीटचं फाटलेलं रेक्झिन दाखवलं. तेही शिवलं. येताना आम्हाला पुढच्या सीटवर बसवलं, तिकीट घेतलं नाही. काचेतून सगळा रस्ता अंगावर येत होता. डोळ्यांत वारा, दोन्ही बाजूंना शेतं. खरं लिहिते, नवरा मेल्यापासून इतकी मजा आली नव्हती. त्याच्या आधीही नव्हती.

गुरुवार, १४ तारीख

माझं नाव झालं आहे. वसतिगृहात शिरलं की पोरं फाटक्या पिशव्या घेऊन रांग लावतात. "शिंपीण आजी आल्या." चेन बसवून दे, पट्टा शिवून दे. बदल्यात कुणी अंडी उकडून देतं, कुणी माझ्यासाठी खालची खाट सोडतं. एक लांबडी मुलगी भाकरीचा तुकडा बाटलीच्या बुडानं चेचून, दुधात कालवून आणून देते. घरी असं कुणी केलं नाही. सूनबाईला माझ्या खलबत्त्याच्या आवाजानं डोकं दुखतं.

इथं मोठा तलाव आहे. आज दोन्ही पाय पाण्यात सोडून बसले, अख्खी दुपार. भिंगरी शेजारी. तिचं पोट बिघडलं आहे, उसाच्या चिपाडासारखी झाली आहे. मी रात्रंदिवस तिच्या बादल्या उचलते आहे. तिला म्हटलं, हिंडायला निघते जगभर आणि पोटात दम नाही. मी नसते तर काय केलं असतंस?

ती म्हणाली, "आजी, तुला अशा ठिकाणी राहायला आवडेल? कायमचं? म्हणजे, माणसं भोवती, आपली खाट, आपलं कपाट, स्वयंपाकाची कटकट नाही."

मी म्हटलं, महिनाभर झकास आहे. पण माणसाला परतायला खोली असली तर वसतिगृहात मजा. नसली तर ते धर्मशाळेचं ओसरीवरचं जिणं.

तिनं पुन्हा बादली मागितली.

शनिवार, १६ तारीख

डोंगरातून बस, वळणावर वळण. भिंगरीनं विचारलं, "आजी, तू कधी असं लांब फिरली होतीस?"

एकदा, म्हटलं. सासूला पोहोचवायला. आणि मग तिला सगळं सांगितलं. बसमध्ये दुसरं करायचं काय?

तेव्हा आमचं घर दोन खोल्यांचं. मला शिवणयंत्र घ्यायचं होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. एका कोपऱ्यात सासूची खाट. दात नव्हते तिला, सगळं खलबत्त्यात कुटून खायची, दिवसभर ठकठक. धाकटा दीर लांब, कोळशाच्या खाणीपाशी राहायचा. मी सासूला म्हटलं, जाऊबाई आजारी आहे, चार दिवस मदतीला चला. नवे कपडे शिवून दिले तिला, प्रवासाचे म्हणून. खूश झाली. रस्ताभर खिडकीतून बोटं दाखवत होती, ते बघ, हे बघ. पोहोचवलं, पाणी प्यायलं आणि तिकीट काढून येते म्हणून निघाले ती निघालेच.

"आणि?"

"आणि काय? ट्रंक मागाहून पाठवली. अकराव्या दिवशी. आधी पाठवली तर माणसाला शंका येते. फार उशीर केला तर माणूस कपडे न्यायला परत येतं. खलबत्ता तेवढा ठेवून घेतला, जड पितळ होतं."

भिंगरीनं विचारलं, "तिला कळलं?"

"ट्रंक आल्यावर कळलंच असणार. जाऊबाई सांगायची, रोज सकाळी बोचकं बांधून दारात बसायची म्हणून. पावणेदोन वर्षं काढली तिनं तशीच."

"बाबा होते तेव्हा?"

"होता की. सात वर्षांचा. सासूचं बोचकं त्यानंच धरलं होतं. त्याला म्हटलं होतं, आजीला काही बोलला नाहीस तर पेपरमिंट. शहाणं पोर. परत येताना खिडकीची जागा मिळाली, तोंडात पेपरमिंट. घरी आल्यावर आजी कुठं आहे म्हणून एकदाही विचारलं नाही त्यानं."

भिंगरीला तिथंच ओकारी झाली. वळणांमुळं. पोट अजून ठिकाणावर नाही तिचं.

सोमवार, १८ तारीख

गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर भिंगरी टाकीमागं उभी राहून फोनवर बापाशी भांडत होती. "मला नाही जमणार. तुम्ही या आणि तुम्हीच करा." मग बराच वेळ ऐकत राहिली. मग, "हो. हो, माहितीय. पैसे भरलेत, माहितीय." मी दिसले तसा फोन ठेवला.

डोळे लाल. मी म्हटलं, काय आहे गं? तर म्हणाली, "आजी, समजा एखाद्या माणसाला फसवायचं आहे. सगळे म्हणतात, त्यात त्याचंही भलं आहे. आणि तो आपल्यावर विश्वास ठेवून आहे. तर?"

मला काय ते कळलं. पोरगा आहे कुणी तरी. सहा महिने समुद्रापार जायचं म्हणजे त्याला लटकत ठेवायचं की तोडायचं, हा प्रश्न. बापाला पसंत नसणार. हिच्या वयात मला कुणी विचारलंही नव्हतं, पण अक्कल तर आहे ना मला.

मी सांगितलं, "तोडायचं असेल तर एका झटक्यात. कापड फाडताना बघ, हात थरथरला की वाकडं फाटतं. रडायचं नाही, समजावायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. मी सासूला सोडून निघाले तेव्हा वळले नव्हते. वळले असते तर यंत्र आलं नसतं, आणि यंत्र आलं नसतं तर तुझा बाप शिकला नसता."

"तुला वाईट वाटलं नाही?"

"दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आठवतही नाही. तुझाच नियम."

ती खाली बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. घामेजलेलं डोकं, केसांत सिमेंटचा वास अजून. मी म्हटलं, "हातातलं काम अर्धवट सोडायची सवय तुझ्या आईकडची. माझी नात असशील तर पुरं कर."

"करते," म्हणाली.

बुधवार, २० तारीख

आजवरचं सगळ्यात चांगलं वसतिगृह. गावाबाहेर, फाटकापासून दारापर्यंत झाडं. सगळ्या खाटा खालच्याच, वर कुणी नाही. संडासात भिंतीला धरायला दांडे. खाटेशी घंटी. कपडे धुवून देतात. खोलीत तिघीच. मी भिंगरीला म्हटलं, अगं परवडणार आहे का हे आपल्याला? ती म्हणाली, "बाबांनी भरलेत."

काउंटरवरच्या बाईनं माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. आल्याची तारीख लिहिली. पुढं निघण्याची तारीख असते ना, दरवेळी विचारतात, तिथं आडवी रेघ होती. मी म्हटलं, बाई, हे राहिलं तुमचं. ती भिंगरीकडे बघून हसली.

भिंगरीनं माझी पिशवी कपाटात लावली, चपला खाटेखाली जोडीनं ठेवल्या. आपला डोक्याला बांधायचा दिवा मला दिला. "असू दे, बाथरूमला उठलीस तर." मग म्हणाली, "आजी, तिकिटं काढून येते."

मी म्हटलं, पाव आण येताना, मऊ बघून.

खिडकीतून पाहिलं. फाटकापर्यंत तरातरा गेली, ताठ. वळली नाही. पाठीवर तिची पिशवी होती. तिकीट काढायला पिशवी कशाला हवी? पण तिला सवयच आहे, संडासलासुद्धा घेऊन जाते.

गुरुवार, २१ तारीख

आली नाही. म्हणजे त्या पोराला गाठायला गेली. तोडायला गेली आणि अडकली असणार. रडू दे दोन दिवस. माझा फोन चार्जिंगला म्हणून काउंटरवरच्या बाईनं नेला तो दिला नाही.

इथं सगळे म्हातारेच प्रवासी. पिशवी कुणाचीच दिसत नाही.

शुक्रवार, २२ तारीख

कात्री आणि सुया काढून घेतल्या. "धारदार वस्तू खोलीत ठेवत नाही आम्ही, आजी." मी म्हटलं, मी काय कुणाचा गळा कापणार आहे? बाई म्हणाली, "नियम आहे." मी म्हटलं, मग माझ्या जिभेचं काय करणार? हसली, पण कात्री घेऊन गेली. समोरच्या खाटेवरच्या बाईच्या गाऊनची शिवण काखेत उसवली आहे. बघवत नाही, आणि हात नुसते मांडीवर.

शेजारची पूर्वी टपालखात्यात होती. तिला विचारलं, कुठून आलात, पुढं कुठं? ती म्हणाली, "मी इथं सहा वर्षं आहे."

सहा वर्षं एकाच मुक्कामाला! मी म्हटलं, बाई, हा कसला प्रवास, ही तर चैन झाली.

टपालवालीनं चष्मा पुसला आणि परत घातला. म्हणाली, "तुम्हाला कोण सोडून गेलं?"

मी म्हटलं, कुणी नाही. नात तिकिटं काढायला गेली आहे.

"माझा मुलगा गाडी लावायला गेला होता," ती म्हणाली आणि कूस बदलली.

जेवायला कडक टोस्ट होते. चहात बुडवून बसले. बाहेर मऊ झाले, आत खडा तो खडाच.

रविवार, २४ तारीख

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

आज जिन्याखाली कपाट सापडलं. उघडून बघते तर घ्या-ठेवा फळी! काठ्या, चष्मे, स्वेटर, दोन कवळ्या. बरं वाटलं. म्हटलं चला, रीत तीच आहे. एक चष्मा लावून पाहिला, माझ्याहून चांगलं दिसत होतं. टपालवाली म्हणाली, "तो गेल्या आठवड्यात गेलेल्या बाईंचा."

"गेल्या कुठं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, आणि चष्मा विसरून गेल्या? वेंधळ्याच दिसतात.

चष्मा परत ठेवला. आणखी काही विचारलं नाही. विचारलं की ऐकावं लागतं.

संध्याकाळी पिशवी भरली. दोरा, वही, दिवा, टॉवेल. खाटेखाली ठेवली, पट्टे वर करून. भिंगरी कधीही येईल, मग घाई नको.

सोमवार, २५ तारीख

ट्रंक आली.

दोघांनी टेम्पोतून उतरवली. मी फाटकाशीच होते, सकाळपासून. आधी ओळखली नाही. मग कडीला बांधलेली लाल चिंधी दिसली, ती मी बांधलेली.

काउंटरवरच्या बाईनं कागद पुढं केला. मी तिच्याकडून चष्मा मागून घेतला आणि या खेपेला वाचला. सावकाश, बोट ठेवून. वर लिहिलं होतं, मी स्वखुशीनं. खाली फुली, आणि फुलीवर सही माझीच. एखादीच काना-मात्रा चुकलेली, तीही माझीच.

ट्रंक उघडली. गरम कपडे घड्या घालून. औषधं. नवऱ्याचा दुसरा फोटो, कुठून शोधून काढला कोण जाणे, पुन्हा गळ्यात बांधला त्याला. सगळ्यात खाली हात घातला, जड काही लागतं का म्हणून. लागलं नाही. पुन्हा एकदा सगळं बाहेर काढून बघितलं.

खलबत्ता ठेवून घेतला.

पाचव्या दिवशी पाठवली. मी अकरा दिवस थांबले होते. माझ्या मुलाला तेवढाही दम निघाला नाही. रंगाऱ्याला जागा हवी असेल.

मंगळवार, २६ तारीख

अकराच्या सुमाराला भिंगरीचा फोन, काउंटरवर. मला बोलावलं. सगळ्यांच्या देखत बोलायचं.

रडत होती. "आजी, मला सांगायचं होतं. त्या दिवशी गच्चीवर सांगणारच होते."

मी म्हटलं, "आणि मी काय सांगितलं?"

"आजी, प्लीज."

"सांग ना. काय सांगितलं?"

"एका झटक्यात."

"मग? केलंस की. हात थरथरला नाही, वळली नाहीस. मी खिडकीत होते. छान जमलं तुला."

ती नुसती हुंदके देत होती. मागं बाप होता, त्याचा घसा खाकरण्याचा आवाज मी ओळखते. मी म्हटलं, "तुझ्या बापाला पेपरमिंट दिलं होतं मी. तुला सहा महिने मिळाले. महागाई फार वाढली."

"आजी, मी नाही जाणार आहे. मी पैसे परत करते, मी येते तुला न्यायला."

"कुठं नेशील? खोली राहिली आहे का?"

मागं बापानं पुन्हा घसा खाकरला. म्हणजे भिंतच पाडली असणार.

मी म्हटलं, "हे बघ, एक चूक झाली तुमची. ट्रंक लवकर पाठवली. लक्षात ठेव, तुझ्या आईबापाच्या वेळी अकरा दिवस थांब. आणि खलबत्ता त्यांच्याकडेच मागून घे, पुढं तुलाच लागेल. फोन ठेवते, टोस्ट भिजत घातलाय."

तिनं "आजी" म्हटलं पुन्हा. मी ठेवला. दोनदा वाजला, बाईनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

टपालवालीनं विचारलं, "नातीचा? येणार आहे का?"

"येते म्हणते," मी म्हटलं. "दोन दिवस वाईट वाटेल तिला. तिसऱ्या दिवशी नाही येणार."

जेवणानंतर खाटेखालची पिशवी ओढली आणि रिकामी केली. सासू पावणेदोन वर्षं बोचकं बांधत होती. मी दोन दिवसांत सोडलं.

पिशवी चांगली आहे. पाठीला गादी, पावसाचं कापड, एक चेन मीच नवी बसवलेली. झटकली, पट्टे आवळले आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवून आले, काठ्यांच्या आणि कवळ्यांच्या शेजारी. कुणाला पुढं जायचं असेल तर घेईल.